गंध देणारी आणि गंध घेणारी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, ठाण्याच्या येऊरपासून कल्याणच्या मलंगगडापर्यंतचे डोंगर हिरवे दिसू लागले आणि रेल्वेच्या फलाटांवर, इमारतींच्या जिन्यांत, गच्च्यांवरील दिव्यांभोवती पतंगांची गर्दी जमू लागली, म्हणजे आमच्याकडील सुशिक्षित गृहस्थ एक तर दिवा मालवतो किंवा केरसुणी शोधतो. घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडीत मुलाबाळांना घेऊन फुलपाखरे पाहावयास हौसेने जाणारी मंडळी घरी परतल्यावर भिंतीवर बसलेल्या पतंगाकडे ज्या तिरस्काराने पाहतात, त्याला शास्त्राचा काहीही आधार नाही. वस्तुतः फुलपाखरे ही पतंगांच्याच विस्तीर्ण खानदानातील, दिवसा हिंडण्याची सवय लागलेली एक धाकटी शाखा होय. फुलपाखरांच्या जाती जगात सुमारे १८ हजार, तर पतंगांच्या त्याच्या सातपटीहूनही अधिक. तेव्हा मान द्यावयाचाच झाला तर तो कोणाला, हे उघड आहे.

मात्र या दोहोंच्या व्यवहारात एक भेद आहे आणि तोच या प्रकरणाचा विषय. फुलपाखराची मादी अंडी घालण्यासाठी योग्य झाड शोधते ती मुख्यतः डोळ्यांनी, आणि पानावर उतरल्यावर पुढच्या पायांनी ते थोपटून त्याची चव घेऊन खातरजमा करते. पतंगाच्या बहुसंख्य माद्यांना हीच कामगिरी अंधारात पार पाडावयाची असते. रंग आणि आकार यांची साक्ष तेथे फारशी उपयोगी पडत नाही, आणि म्हणून त्यांनी आपला सारा कारभार घ्राणेंद्रियाच्या हवाली केलेला आहे.

असे असूनही पतंगांच्या घ्राणशक्तीची जगभर जी ख्याती झाली, ती मादीच्या नव्हे, नराच्या नावावर जमा झाली. फ्रान्समधील झां-आंरी फाब्र यांनी आपल्या घरात कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मोठ्या मोरपतंगाच्या मादीला जाळीच्या पिंजऱ्याखाली ठेवले आणि त्याच रात्री सुमारे ४० नर कोठून कोठून येऊन त्या खोलीत घिरट्या घालू लागले, ही हकिकत कीटकशास्त्राच्या वाङ्मयात आता पुराणकथेइतकी रूढ झाली आहे. पुढे जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या गंधग्रंथी जमवून, दोन दशके चिकाटीने काम करून, त्यांतून काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि १९५९ साली त्याला ‘बॉम्बिकोल’ हे नाव दिले. याच साली अशा संदेशवाहक गंधांना ‘फेरोमोन’ ही संज्ञाही मिळाली. या सर्व कथेत मादी ही गंध देणारी आणि नर हा गंध घेणारा, अशी कामांची वाटणी ठरून गेली. ती सोयीची होती, कारण नराच्या नाकाला एकच प्रश्न विचारावयाचा असतो आणि त्याचे उत्तर डोळ्यांना दिसते: तो येतो किंवा येत नाही. मादीच्या नाकाला विचारावयाचे प्रश्न अनेक, त्यांची उत्तरे परस्परांत गुंतलेली, आणि ती वाचावयाची तर पानापानांवरची अंडी मोजावी लागतात. संशोधकही माणसेच, त्यांनी सोपा प्रश्न आधी घेतला. तथापि एवढ्यावरून मादीला नाक बेताचेच असते असा जो समज पसरला, तो मात्र सर्वस्वी चुकीचा होय. माझ्या मते या दोघांत अधिक विचारी नाक मादीचेच आहे.

तिच्यापुढील अडचण काय असते हे पाहावयाचे असेल तर डोंबिवलीतील कोणत्याही गृहसंकुलाच्या आवारातले तगरीचे झुडूप पुरे. पावसाळ्यात एखाद्या सकाळी त्याच्या फांद्यांचे शेंडे कुरतडलेले दिसतात, खाली काळसर गोळ्यांसारखी विष्ठा पडलेली असते, आणि नीट शोधल्यास बोटाएवढा हिरवागार सुरवंट सापडतो, ज्याच्या मानेमागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात. हा कण्हेरीवरील हॉक मॉथचा, म्हणजे डॅफ्निस नेरी या पतंगाचा सुरवंट. त्याचे खाद्य कण्हेर, तगर, सदाफुली, सप्तपर्णी अशा चिकाच्या, एकाच कुलातील वनस्पतींपुरते मर्यादित आहे. शेजारी जास्वंद असो, मोगरा असो की कढीलिंब, त्यावर अंडे पडले तर त्यातून निघणारा जीव उपाशी मरावयाचा. तो स्वतः स्थलांतर करू शकत नाही, कारण जन्मतः तो काही मिलिमीटर लांबीचा असतो. तेव्हा त्याचे सारे भवितव्य त्याच्या आईने काळोखात, सिमेंटच्या इमारतींच्या दाटीत, शेकडो वनस्पतींच्या गंधांतून नेमकी तगर हुडकून काढली की नाही, यावर अवलंबून राहते. तगर गुलाबी-हिरव्या रंगाच्या त्या देखण्या मादीला सापडते, याची कबुली दरवर्षी कुरतडलेली पाने देतातच.

कोणत्या पतंगाची मादी कोणत्या वनस्पतीवर अंडी घालते याचे तपशीलवार दप्तर आपल्याकडे तयार झाले, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात टी. आर. बेल या जंगलखात्यातील अधिकाऱ्याकडे जाते. मुंबई इलाख्याच्या नोकरीत राहून आणि निवृत्तीनंतर कारवारलाच कायमचा मुक्काम करून त्यांनी रानातून सुरवंट आणून पाळले, त्यांचे खाद्य नोंदले, आणि मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला हॉक मॉथांवरील त्यांचा ग्रंथ १९३७ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत प्रसिद्ध झाला. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील हॉक मॉथांच्या सुरवंटांविषयी आजही काही विचारावयाचे झाले तर हाच ग्रंथ उघडावा लागतो. बेल यांनी मादीची निवड लिहून ठेवली. ती निवड कशाच्या बळावर होते, हे उलगडावयास पुढे कित्येक दशके जावी लागली.

पतंगाचे नाक म्हणजे त्याच्या मस्तकावरील दोन मिशा, शास्त्रीय भाषेत शृंगिका. येऊरच्या रानात पावसाळ्यात अधूनमधून दृष्टीस पडणाऱ्या अ‍ॅटलास जातीच्या प्रचंड पतंगाची जोडी पाहावयास मिळाली तर नराच्या मिशा पिसासारख्या रुंद आणि मादीच्या त्यामानाने अरुंद, हा भेद नवख्यालाही कळतो, आणि मादीला नाक कमी असा ग्रह होण्याचे मूळ या दृश्यातच असावे. परंतु नराची ती रुंद जाळी एका विशिष्ट गंधाचे विरळ कण हवेतून गाळून घेण्यासाठी आहे. रेशीमपतंगाच्या नराच्या प्रत्येक मिशीवर बॉम्बिकोल टिपण्यासाठी सुमारे १७ हजार सूक्ष्म रोम असतात. मादीच्या मिशीवरही तसेच लांब रोम असतात, फक्त त्यांचे खाते निराळे. रेशीमपतंगाची मादी स्वतःच सोडलेला बॉम्बिकोल हुंगू शकत नाही. तिच्या रोमांना जाणवतात ती लिनालूल आणि बेंझोइक आम्ल ही द्रव्ये, ज्यांपैकी पहिले कितीतरी फुलापानांच्या सुवासाचा घटक आहे. प्रत्येक रोमाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून गंधकण आत शिरतात, आतील द्रवातील प्रथिने त्यांना चेतापेशीपर्यंत पोचवतात, आणि तेथून निघालेला संदेश मेंदूतील गोलाकार गुच्छांपैकी ठरलेल्या गुच्छात जाऊन रुजू होतो. तंबाखूवर वाढणाऱ्या मॅन्ड्युका सेक्स्टा या अमेरिकी हॉक मॉथच्या मेंदूत असे साठाहून अधिक गुच्छ आहेत. त्यांत नरापाशी फेरोमोनसाठी एक मोठा समूह आहे, तर त्याच जागी मादीपाशी दोन मोठे गुच्छ आहेत आणि त्यांपैकी एक लिनालूलला प्रतिसाद देतो.

आता येथे असा प्रश्न उद्भवतो की, नर नरासारखा आणि मादी मादीसारखी वागते, ती मेंदूमुळे की मिशीमुळे? याचे उत्तर ज्या प्रयोगाने मिळाले तो मला या सबंध शास्त्रातला सर्वांत विलक्षण प्रयोग वाटतो. पतंगाची मिशी अळीच्या अवस्थेत एका लहानशा पेशीपुंजाच्या रूपाने शरीरात असते. जॉन हिल्डेब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅन्ड्युकाच्या नर-अळीतील असे पुंज काढून मादी-अळीत बसवले. त्या माद्या मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्या मस्तकावर नराच्या मिशा होत्या, आणि मादीचा कामगंध जाणवताच त्या नराप्रमाणे त्या गंधाच्या मागावर वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागल्या. हे १९८६ साली प्रसिद्ध झाले. उलट बाजूचा दाखला मिळावयास २०१० साल उजाडले: मादीच्या मिशा लावलेले नर, ज्यांना आयुष्यात एकही अंडे घालावयाचे नव्हते, ते यजमान वनस्पतीकडे अंडी घालावयास आलेल्या मादीच्या रीतीने गेले. मिशी ज्या लिंगाची, तिच्या हुकुमाने आतला मेंदू घडला आणि वागणूकही बदलली. नाक हे नुसते बातमीदार नव्हे, कारभाराची दिशा ठरवणारे आहे, असे यावरून म्हणावे लागते.

लिनालूलचीच गोष्ट थोडी पुढे नेली पाहिजे. या द्रव्याचे रेणू दोन रूपांत आढळतात, एक दुसऱ्याच्या आरशातील प्रतिबिंबासारखे. घटक तेच, मांडणी उजवी किंवा डावी. मॅन्ड्युकाच्या माद्यांना हे दोन्ही गंध निरनिराळे भासतात, आणि झाडांवर त्यांचा कृत्रिम पुरवठा करून पाहिला असता एका रूपाच्या झाडावर त्यांनी अधिक अंडी घातली, तर दुसऱ्या रूपाचे झाड टाळले. मादीच्या नाकाला असा बारकावा कशाला लागावा, याचे कारण वनस्पतीही गप्प बसलेली नसते हे होय. सुरवंट पान खाऊ लागला की झाड जखमेतून निराळे गंध सोडू लागते. २००१ साली अमेरिकेत असे दिसून आले की तंबाखूच्या रोपावर हेलिओथिस जातीच्या अळ्या असतील, तर ते रोप काही गंध फक्त रात्रीच सोडते, आणि त्याच जातीच्या माद्या ते ओळखून अशा रोपापासून दूर राहतात. त्यात त्यांचा हिशेब चोख आहे: जेथे पंगत आधीच बसली आहे तेथे आपल्या पोरांना नेऊन उपयोग नाही, शिवाय खाल्लेले झाड विषारी द्रव्ये तयार करीत असते आणि त्याचा गंध परोपजीवी गांधीलमाश्यांनाही आमंत्रण देत असतो. कापसावरील स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस या पतंगाच्या माद्या तर अळ्यांच्या विष्ठेच्या वासानेही मागे फिरतात.

याच स्पोडोप्टेरावर स्वीडनमध्ये झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मार्मिक वाटतो. मिलन न झालेली मादी लायलॅकच्या फुलांच्या सुवासाकडे, म्हणजे मधाकडे, ओढली जाते. मिलन होताच तिची ओढ कापसाच्या हिरव्या पानांच्या वासाकडे वळते, आणि हा पालट नुसत्या वागणुकीत नव्हे, तर मेंदूतील गंधगुच्छांच्या प्रतिसादातही मोजता येतो. एका रात्रीत तीच मिशी तेच जग निराळ्या रीतीने हुंगू लागते. आपल्याकडे एरंड, तंबाखू, सोयाबीन यांची पाने फस्त करणारी स्पोडोप्टेरा लिट्युरा ही याच पतंगाची जवळची नातलग आहे.

नाक मिशीवरच असते असेही नाही. मॅन्ड्युकाच्या मादीच्या उदराच्या टोकाला, ज्या भागाने ती अंडे चिकटवते तेथेच, गंध जाणणारे रोम सापडले आहेत. म्हणजे झाडाजवळ पोचल्यावर शेवटची तपासणी तेथेच होते. आणखी एक इंद्रिय ओठांशेजारच्या स्पर्शिकांच्या टोकाशी असलेल्या खळगीत असते व ते कर्बवायू, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, जाणते. त्याचा सर्वांत चतुर उपयोग कॅक्टोब्लास्टिस या, फड्या निवडुंगावर जगणाऱ्या पतंगाची मादी करते. निवडुंग पाणी वाचवण्यासाठी दिवसा छिद्रे मिटून ठेवतो आणि रात्री कर्बवायू आत ओढतो. त्यामुळे सशक्त फड्याच्या पृष्ठभागालगत रात्री त्या वायूचे प्रमाण किंचित उतरते, आणि मादी फड्यावरून चालताना ते यत्किंचित उणेपण जाणून कोणता फडा जोमदार आहे ते ठरवते. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने लक्षावधी एकर जमीन व्यापली होती, तेथे १९२५ साली आणलेल्या याच पतंगाने ती मोकळी केली. आपल्या दख्खनमध्ये ते काम कोचिनिल वर्गातील पांढऱ्या किड्यांनी केले, त्यामुळे जुन्या पिढीतील शेतकऱ्यांना निवडुंगाचा नायनाट आठवतो, पण पतंग आठवत नाही.

वर ज्या कामांच्या वाटणीचा उल्लेख केला, तीही पुरती खरी नाही, कारण काही जातींत गंध देणारा नर आणि पारख करणारी मादी असते. पावसाळ्यात दिव्याला येणाऱ्या क्रिएटोनोटॉस गँगिस या पांढरट-तपकिरी, लाल उदराच्या पतंगाचा नर संध्याकाळनंतर आपल्या उदराच्या टोकातून केसाळ नळ्यांचे चार फुगे बाहेर काढतो. प्रथम पाहणाऱ्याला हे काही अभद्र आहे असेच वाटते. १९८५ साली बोप्रे आणि श्नायडर यांनी दाखवून दिले की या नळ्या किती मोठ्या होणार आणि त्यांत सुगंध किती भरणार, हे त्या नराने सुरवंट असताना वनस्पतींतील विशिष्ट अल्कलॉइड विषे किती खाल्ली होती यावर अवलंबून असते. ज्याला ती मिळालीच नाहीत, त्याच्या नळ्या खुरट्या राहतात. खुळखुळ्याच्या शेंगांवर वाढणाऱ्या युटेथेसा वंशातील पतंगांत हे विष नर मिलनाच्या वेळी मादीला देतो आणि ती ते अंड्यांच्या संरक्षणासाठी वापरते, हे थॉमस आयस्नर आणि जेरोल्ड माइनवाल्ड यांच्या संशोधनावरून कळले. नराच्या अंगाला येणारा वास हा त्याच्या ऐपतीचा दाखला, आणि तो तपासूनच मादी त्याला होकार देते.

हा सारा व्यवहार हवेवर चालतो, आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात हवा हाच तंट्याचा विषय आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून रात्री येणाऱ्या उग्र दर्पाविषयी तेथील रहिवासी कैक वर्षे तक्रारी करीत आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्र्यांना जातीने येऊन पाहणी करावी लागली. परंतु पतंगाला बाधक ठरणारा वायू माणसाच्या नाकाला जाणवणारा असेलच असे नाही. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायॉक्साइड आणि ओझोन यांच्या संयोगाने नायट्रेट नावाचा अतिशय क्रियाशील कण तयार होतो. दिवसा सूर्यप्रकाश त्याचे विघटन करतो, म्हणून तो साठतो तो रात्रीच, म्हणजे नेमका पतंगांच्या कामाच्या वेळी. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली दाखवले की रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या ईव्हनिंग प्रिमरोज फुलाच्या सुवासातील टर्पीन वर्गाची द्रव्ये हा कण वाटेतच नष्ट करतो, आणि अशा रीतीने विटलेला गंध दिला असता हॉक मॉथांच्या फुलाला होणाऱ्या भेटी ७० टक्क्यांनी घटल्या. फूल जागेवरच असते, मध असतो, पतंगही असतो; फक्त मधला निरोप फाटलेला असतो. घोडबंदर रस्त्यावर मध्यरात्रीही मालमोटारींची रांग तुटत नाही, हे तेथील प्रत्येकास ठाऊक आहे.

शेवटी शेताकडे वळू, कारण या ज्ञानाचा खरा पैसा तेथे वसूल व्हावयाचा आहे. कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांतील भाताचा जुना वैरी म्हणजे पिवळा खोडकिडा. त्याची मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असलेली. ती पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालून त्यावर आपल्या उदराच्या टोकावरील तपकिरी केसांचे पांघरूण घालते. अळी खोडात शिरली की वाढीच्या काळात गाभा मरतो आणि पोटरीनंतर लोंबी पांढरी फटफटीत, दाण्यावाचून, उभी राहते. तिला आपले शेतकरी पळींज म्हणतात. त्यावर कृषिखाते कामगंध सापळे लावावयास सांगते, आणि ते योग्यही आहे, कारण किडीचा अंमल केव्हा सुरू झाला याची वर्दी त्यांतून वेळेवर मिळते. परंतु सापळ्यातील ल्यूर मादीच्या गंधाची नक्कल असल्याने त्यात सापडतात ते केवळ नर. सकाळी सापळ्यात मेलेले पतंग पाहून शत्रू संपला असे समजणारा शेतकरी फसतो, कारण ज्या माद्यांचे मिलन आधीच झालेले असते त्यांना त्या गंधाशी काहीही कर्तव्य उरलेले नसते. त्या भाताच्या हिरव्या वासाच्या मागावर असतात. मादीला भुलवणारे वनस्पतिगंधाचे सापळे काही किडींसाठी तयार झाले आहेत, पण पानांचा गंध हा अनेक द्रव्यांचे नाजूक मिश्रण असल्याने, आणि खऱ्या शेताचा वास सापळ्याच्या चौफेर दरवळत असल्याने, त्यांची प्रगती संथ राहिली. संशोधनाचा पैसा इतकी वर्षे नराच्या नाकावर खर्च झाला त्याचे हे फळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत जुना उपाय आहेच. मादी पानाच्या शेंड्यावर अंडी घालते, म्हणून लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून ते शेताबाहेर नष्ट करावेत, आणि कापणी जमिनीलगत करून धसकटे शेतात राहू देऊ नयेत. त्याला पैसा लागत नाही, आणि सापळ्यातून सुटलेल्या मादीने जेथे नेमकी अंडी ठेवली आहेत तेथेच तो लागू पडतो.